आधी सांगायची गोष्ट

मांजर असलेल्या घरी चार दिवस राहायला जायचे आहे आणि आपल्याला मांजराची अ‍ॅलर्जी आहे, हे आपल्याकडे माणसे शेवटच्या क्षणापर्यंत बोलत नाहीत. मधुमेह असला तर चहा बिनसाखरेचा सांगतात, गुडघे दुखत असले तर पंगतीत न बसता खुर्ची मागून घेतात, उपवास असला तर आदल्या दिवशी कळवतात आणि घरची बाई साबुदाणा भिजत घालते. अ‍ॅलर्जी मात्र ओठांवर येऊन परत फिरते. ज्या घरात मांजराचा वाढदिवस होतो, त्या घरात तिच्याबद्दल असे काही बोलणे म्हणजे घरच्या लेकराला नावे ठेवण्यासारखे वाटते. मग पाहुणा दारातच शिंकतो आणि प्रवासातल्या धुळीवर ढकलतो, जेवताना डोळे पुसतो आणि मिरची तिखट होती म्हणतो, पहाटे छातीत घरघर सुरू झाली की गच्चीवर जाऊन बसतो. माझे म्हणणे साधे आहे. या दुखण्यावरचा जो जो उपाय खरोखर लागू पडतो, त्याला दिवस लागतात, कधी आठवडे लागतात. तेव्हा उपायाची सुरुवात गोळीपासून नव्हे, निघण्याच्या कितीतरी आधी केलेल्या फोनपासून होते, आणि भिडेपोटी तो फोन टाळणारा माणूस स्वतःचा सगळ्यात मोठा आधार हातचा घालवतो.

असे का, ते समजायला आधी दुखणे कशाचे आहे ते पाहावे लागते. मांजराच्या केसाने दमा होतो, ही समजूत आपल्याकडे घरोघरी ऐकू येते. ती अर्धी बरोबर आहे. त्रास होतो, पण केसाने नव्हे. मांजराच्या लाळेत आणि कातडीतल्या तैलग्रंथींत एक प्रथिन तयार होते. शास्त्रज्ञ त्याला फेल डी १ म्हणतात. मांजर दुपारी सोफ्याच्या हातावर बसून अंग चाटते तेव्हा नीट पाहावे. आधी पंजा ओला करते, तो कानामागून फिरवते, मग मान वळवून पाठीच्या केसांवरून खरखरीत जीभ ओढते, पुन्हा पुन्हा, एकाच जागी. केस ओले होऊन चिकटतात आणि थोड्या वेळात वाळून पुन्हा फुलतात. त्या वाळलेल्या थरातून आणि कातडीच्या कोंड्यातून जे कण सुटतात, त्यांतले बरेचसे पाच मायक्रॉनहूनही बारीक असतात. माणसाचा केस त्याच्या दहापट तरी जाड असतो. एवढे हलके कण तासन् तास हवेत तरंगतात, श्वासाबरोबर खोल जातात आणि चिकटपणामुळे पडदे, गाद्या, भिंती, अंगावरचे कपडे असे सगळीकडे बसतात. ज्याचे शरीर या प्रथिनाला शत्रू समजायला शिकले आहे, त्याच्या नाकातल्या आणि श्वासनलिकेतल्या पेशी ते ओळखताच हिस्टामिन सोडतात. शिंका, गळणारे नाक, चुरचुरणारे डोळे, अंगावरच्या गांधी हे त्याचेच परिणाम. सगळी मांजरे हे प्रथिन तयार करतात. बोका अधिक करतो, खच्ची केलेला बोका कमी करतो, बिनकेसांच्या जातीची मांजरेही करतात. अमुक जातीचे मांजर अ‍ॅलर्जी होऊ देत नाही, हा विकणाऱ्यांचा दावा आहे. त्यावर विसंबून कुणी मुक्कामाला जाऊ नये.

त्रास मांजराचा नसून घरभर बसलेल्या या अदृश्य थराचा आहे, हे एकदा ध्यानात आले की यजमानांचा नेहमीचा पाहुणचार किती तोकडा पडतो ते दिसते. पाहुण्याला शिंका आल्या की घरातले कुणीतरी लगबगीने मांजर उचलते आणि आतल्या खोलीत कोंडते. मनात खरोखर काळजी असते, पण उपयोग जवळजवळ शून्य. १९८९ साली बाल्टिमोरच्या संशोधकांनी घरातून मांजर कायमचे हलवल्यावर धुळीतले फेल डी १ किती दिवसांत उतरते ते मोजले. मांजर नसलेल्या घराच्या पातळीला यायला पाच-साडेपाच महिने लागले, आणि बऱ्याच घरांत तेवढ्यानेही भागले नाही. जिथे पाच महिने पुरत नाहीत तिथे पाच मिनिटांनी काय होणार? मांजराला आंघोळ घालण्याचेही तसेच. त्याने प्रथिन कमी होते, पण आठवड्याभरात पुन्हा पहिल्याइतके भरते, आणि पाण्याला घाबरणाऱ्या जिवाचे जे हाल होतात ते वेगळेच. शिवाय कोंडलेले मांजर दारावर नखे ओरबाडते, रात्रभर ओरडते, खाणे सोडते. घर तिचे आहे, पाहुणा चार दिवसांचा आहे. तिला शिक्षा झाली आणि त्याला आराम पडला नाही, असा हा व्यवहार कुणाच्याच फायद्याचा नाही.

खरा फायदा एका खोलीचा असतो. पाहुणा जिथे रात्रीचे सात-आठ तास श्वास घेणार आहे, ती खोली दोन-तीन आठवडे आधीपासून मांजराला बंद करायची, मांजराला बाकीचे घर मोकळे ठेवायचे. आपल्याकडच्या घरांत यात एक मोठी मेख असते. पाहुण्यांचे अंथरूण वर्षभर जिथे ठेवलेले असते, ती कपाटावरची किंवा दिवाणातली जागा मांजराची सगळ्यात लाडकी असते. जुन्या लुगड्यांची मऊ गोधडी, वर कुणाचा वावर नाही, उबदार आणि उंच. सहा महिने तिथे मांजर झोपते आणि सातव्या महिन्यात तीच गोधडी प्रेमाने झटकून पाहुण्याच्या अंगावर घातली जाते. गोधडी धुता येते आणि ती धुवावीच. कापसाची गादी धुता येत नाही, आणि ती गच्चीवर उन्हात टाकल्याने दमटपणा जातो, हे प्रथिन जात नाही. तिला घट्ट विणीची, चेनची खोळ घालणे हा एक मार्ग, आणि पाहुण्याने स्वतःची उशी आणि चादर बॅगेतून आणणे हा त्याहून सोपा. यात यजमानांचा अपमान नाही. पथ्याचे खाणारा माणूस डबा आणतो तेव्हा कुणी रागावत नाही. खोलीतून सतरंजी आणि गालिचा काढून घ्यावा. १९९१ साली व्हर्जिनियातल्या संशोधकांना गालिच्यात गुळगुळीत फरशीच्या जवळजवळ शंभरपट प्रथिन साठलेले आढळले होते. केरसुणीने झाडल्याने बसलेले कण पुन्हा उडतात, म्हणून ओल्या फडक्याने पुसावे, आणि पुसताना पंख्याची पाती विसरू नयेत. पाहुणा येताच पंखा पाचवर लावतात आणि पात्यांवरचा थर थेट त्याच्या चेहऱ्यावर उतरतो. ही कामे अवघड नाहीत. पण पाहुणा दारात उभा असताना यांतले एकही होत नाही.

औषधांचेही गणित हेच आहे. अ‍ॅलर्जीची गोळी हिस्टामिनची वाट अडवते, त्यामुळे ती शिंका सुरू झाल्यावर घेण्यापेक्षा मांजराच्या घरात शिरण्याआधी घेतलेली बरी. नाकात मारायच्या स्टेरॉइडच्या फवाऱ्याचा पूर्ण गुण यायला बरेच दिवस लागतात, कधी दोन आठवडे, म्हणून तो निघण्याच्या आदल्या रात्री विकत घेऊन फारसे काही साधत नाही. नवीन गोळ्यांनी झोप कमी येते, जुन्या गोळ्यांनी गुंगी येते आणि त्या घेऊन गाडी चालवणे धोक्याचे. कुणाला कुठले औषध चालेल हे डॉक्टरांनी ठरवायचे, पण डॉक्टरांकडे जायलाही हाताशी दिवस हवेत. इंजेक्शनांनी शरीराची सवय मोडण्याचा उपचार तर तीन ते पाच वर्षांचा असतो. मांजराच्या बाजूनेही एक प्रयत्न झाला आहे. अंड्यातल्या प्रतिपिंडांचा लेप दिलेले खाद्य मांजराला रोज घातले, तर तिच्या केसांवरचे सक्रिय प्रथिन तिसऱ्या आठवड्यापासून सरासरी ४७ टक्क्यांनी घटते, असे २०१९ साली एका खाद्यकंपनीच्याच संशोधकांनी मांडले. कंपनीचे संशोधन कंपनीच्या मालाबद्दल आहे हे लक्षात ठेवूनही त्यातला तिसरा आठवडा माझ्या डोळ्यांत भरतो. इथेही कळवायला हवे ते निदान महिनाभर आधी.

यावर पहिला आक्षेप जुन्याजाणत्यांचा असतो: पूर्वी घरोघरी मांजरे होती, तेव्हा कुठे होत्या अ‍ॅलर्ज्या? आक्षेप विचार करण्याजोगा आहे, कारण त्यात घरांचा बदललेला इतिहास आहे. कोकणातल्या कौलारू घरात मांजर असे ते पडवीत, चुलीच्या उबेला, मासळी निवडणाऱ्या बाईच्या पायाशी. ते उंदरांसाठी ठेवलेले असे आणि दिवसाचा अर्धा वेळ बाहेर हिंडत असे. दारे दिवसभर उघडी, कौलांच्या फटींतून वारा खेळता, जमीन शेणाने सारवलेली, अंथरुणे सकाळी गुंडाळून वळकटी करून ठेवलेली. त्या घरात धूळ होती, पण ती साठवून ठेवणारे सोफे, पडदे आणि चोवीस तास घातलेल्या जाड गाद्या नव्हत्या. आजच्या फ्लॅटमधले मांजर जन्मात जिना उतरत नाही. काचा लावलेल्या, एसी तीच हवा फिरवत असतो, आणि मांजर झोपते माणसांच्या पलंगावर. प्रथिन तेच, पण त्याला बाहेर जायला वाट उरलेली नाही. आणि त्या जुन्या घरांतही कोपऱ्यात खोकत बसलेला एखादा दमेकरी असायचाच. त्याला दमेकरी म्हणून सोडून दिले, त्याच्या श्वासाचे कारण कुणी शोधले नाही.

दुसरे म्हणणे असे की हे सगळे मनाचे खेळ आहेत, ज्याला मांजर आवडत नाही त्यालाच शिंका येतात. याचे उत्तर स्वीडनमधल्या शाळांनी दिले आहे. ज्या वर्गात मांजरे पाळणाऱ्या घरांतली मुले जास्त, त्या वर्गात मांजराची अ‍ॅलर्जी असलेल्या दमेकरी मुलांचा त्रास शाळा सुरू होताच वाढला. वर्गात मांजर नव्हते, आले होते ते मित्रांच्या कपड्यांवरचे कण. आवडीनिवडीचा इथे काही संबंध नाही. मांजरांवर जीव टाकणाऱ्यांना, रोज त्यांच्यावर उपचार करणाऱ्या पशुवैद्यांनाही ही अ‍ॅलर्जी होते, आणि त्यांचे दुःख मला अधिक मोठे वाटते.

राहून राहून सवय होईल, हे तिसरे म्हणणे, आणि यात सत्याचा अंश आहे. व्हर्जिनियातल्या शाळकरी मुलांच्या रक्ततपासणीत २००१ साली असे दिसले की सर्वाधिक मांजर-प्रथिनाच्या घरांत वाढणाऱ्या बऱ्याच मुलांचे शरीर ते सहन करायला शिकलेले होते. पण ही वर्षांची गोष्ट आहे आणि सगळ्यांची नाही. चार दिवसांच्या मुक्कामात सवय होत नाही. उलट काहींना पहिल्या शिंका थांबल्यावर काही तासांनी श्वासनलिका सुजून दुसरा झटका येतो. संध्याकाळी चहाच्या वेळी 'आता बरं वाटतंय' म्हणणारा माणूस मध्यरात्री धापा टाकतो तो यामुळेच. तेव्हा सगळे घर झोपलेले असते आणि बोलणे सर्वांत अवघड झालेले असते.

राहिला लॉजचा प्रश्न. नात्यातले घर असताना लॉजवर उतरणे हा आपल्याकडे रुसवा समजला जातो, आणि त्या समजापायी माणसे जिवाशी खेळतात. ज्याला दम्याचे जोराचे झटके येऊन गेले आहेत, त्याने मांजराच्या घरात रात्र काढू नये. दिवसा यावे, जेवावे, गच्चीत गप्पा माराव्यात, झोपायला दुसरीकडे जावे. यजमानांनीही ते मनाला लावून घेऊ नये. बाकीच्यांनी इनहेलर उशाशी ठेवावा आणि फोनवर एवढेच म्हणावे: 'काकू, मला मांजराची अ‍ॅलर्जी आहे. मनीला कोंडू नका, फक्त मी जिथे झोपणार त्या खोलीत तिला आजपासून येऊ देऊ नका. उशी-चादर मी आणते.' ज्या काकू असे ऐकून दुखावतील, त्यांच्यापेक्षा दोन आठवडे दार लावून ठेवणाऱ्या काकू मला कितीतरी जास्त आढळतील, अशी माझी खात्री आहे.

हा प्रश्न सगळ्यांत टोकाचा होतो तो अमेरिकेत लेकीच्या बाळंतपणाला जाणाऱ्या आईवडिलांच्या बाबतीत. मुक्काम सहा महिन्यांचा असू शकतो, थंडीत खिडक्या उघडत नाहीत, भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा असतो, आणि तळघरातल्या भट्टीतली गरम हवा जाळ्यांमधून घरभर फिरताना मांजराच्या खोलीतले कण पाहुण्यांच्या खोलीत नेते. लेकीने ते मांजर एकटेपणात सांभाळलेले असते, त्यामुळे आई बोलत नाही. प्रवाशांच्या विम्यात आधीपासूनच्या दम्याचा खर्च बहुधा धरलेला नसतो, त्यामुळे वडील डॉक्टरांकडे जायला तयार होत नाहीत. तिकीट काढायच्या आधी इथेच रक्ताची किंवा त्वचेची तपासणी करून घेता येते, सहा महिन्यांची औषधे चिठ्ठीसकट बांधून नेता येतात. लेकीला त्यांची खोली लाकडी जमिनीची निवडता येते, हवेच्या जाळीवर गाळणीचे कापड लावता येते, हेपा गाळणीचे हवाशुद्धीकरण यंत्र खोलीत दिवसरात्र चालू ठेवता येते, आणि मांजराला त्या खोलीपासून दूर झोपण्याची सवय डोहाळजेवणाच्या सुमारासच लावता येते.