आधी आईचे ताट

चि. शरयू,

तुझे पत्र परवा पोचले आणि ते मी लागोपाठ दोनदा वाचले, कारण त्यातले एक वाक्य तुझ्या हातचे आहे हे मन कबूल करीना. पोषण पुनर्वसन केंद्रातून पाचव्या दिवशी मूल कडेवर घेऊन निघून गेलेल्या त्या कोरकू बाईच्या कागदावर ‘माता बेफिकीर, सल्ला मानीत नाही’ असा शेरा तू मारलास, आणि आता मला विचारतेस की, हे मूल पुन्हा केंद्रात आणावे की गावातच ठेवून उपचार करावेत. शेऱ्याबद्दल मागाहून बोलते. माझा दादा असता तर त्याने जाब आधी त्याचाच मागितला असता.

तुझ्या प्रश्नापुरते सांगायचे तर, दंडघेर साडेअकरा सेंटिमीटरच्या आत असूनही मूल मागून खात असेल, ताप नसेल, पावलांवर सूज नसेल, तर गावात उपचार होऊ शकतात. परंतु सूज असेल, घास तोंडातून बाहेर येत असेल किंवा अंग गार लागत असेल, तर त्याला केंद्रातच आणले पाहिजे. तेथेही भुकेले आहे म्हणून भरपूर खाऊ घालण्याची घाई नको. अशा देहाने उपासाशी जुळवून घेता घेता आपले सगळे व्यापार आखडते घेतलेले असतात, हृदय दुबळे झालेले असते. म्हणून प्रारंभी शंभर मिलिलिटरमागे पंचाहत्तर उष्मांकांचे पातळ दूध दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, आणि भूक परतल्यावरच शंभर उष्मांकांचे. लोहाचे औषध पहिल्या आठवड्यात मुळीच नको. हे सारे तुला पाठ आहे. मला धास्ती आहे ती पहाटेच्या फेरीची. रक्तातली साखर उतरून आणि अंग गार पडून जी मुले जातात, त्यांच्यापैकी कित्येक केवळ त्या प्रहरी कोणी जागे असते तर वाचली असती. पहाटेचे दूध कोण पाजते, हे तू स्वतः जाऊन पाहा. वहीतल्या सहीवर विसंबू नकोस.

आता तो शेरा. होळीनंतर वीटभट्टीवर गेलेले कुटुंब मृगाच्या तोंडावर परतते, तेव्हा शेत उघडे पडलेले, घरात धान्य नाही, सावकाराचा तगादा दारात आणि दुसरे मूल आजीपाशी. अशा वेळी चौदा दिवस खाटेवर बसून राहा, असे आपण त्या बाईला सांगतो. बुडीत मजुरी मिळते, हे मला माहीत आहे. पण ती तिच्या हाती कोणत्या दिवशी पडली, याची चौकशी तू केलीस का? एकासाठी थांबले तर दुसरे उपाशी राहते, हा हिशेब करून ती उठून गेली असेल, तर तिला बेफिकीर म्हणणे हा अन्याय आहे. भूमकाकडे, गावच्या वैदूकडे, जाऊन तिने मुलाच्या पोटाला डंबा देववला, म्हणून तू संतापलीस. संताप योग्यच आहे, तान्ह्या पोटावर तापलेले लोखंड टेकवणे घातकच, आणि ते थांबलेच पाहिजे. परंतु भूमका तिच्या अंगणात बसून, तिच्या भाषेत, मूल रात्री किती वेळा रडले हे विचारतो. तुमच्यापैकी कोणी विचारले?

आणि ‘अडाणी’ हा शब्द पत्रात तीनदा आला आहे! गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी जेमतेम शिकलेल्या गावच्याच स्त्रियांना नवजात बाळाची शुश्रूषा शिकवली. गुदमरलेल्या बाळाला श्वास देणे आणि जंतुदोषावर इंजेक्शन टोचणे त्या शिकल्या. आणि तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी उतरले, हे १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. तेव्हा शिकवणाऱ्याने आधी आपली रीत तपासावी.

माझे म्हणणे तू लहानपणापासून ऐकत आली आहेस, तरी पुन्हा लिहिते: मुलाच्या दंडाला पट्टी लावण्याआधी त्याच्या आईच्या ताटात पाहावे. आपल्या घरांत ती सर्वांच्या मागून जेवते आणि जे उरेल ते जेवते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी सहकाऱ्यांसह १९९३ पासून आसपासच्या खेड्यांतील गरोदर स्त्रियांचा जो अभ्यास केला, त्यात बाळाच्या जन्मवेळच्या आकारमानाचा संबंध आढळला तो आईने अठराव्या आठवड्याच्या सुमारास घेतलेल्या दुधाशी आणि अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या सुमारास खाल्लेल्या पालेभाज्यांशी व फळांशी. अठरावा आठवडा म्हणजे पाचवा महिना! आणि २०१५ साली सुरू झालेल्या अमृत आहार योजनेतले एक वेळचे गरम जेवण आदिवासी भागातल्या गरोदर बाईला मिळू लागते ते शेवटच्या तीन महिन्यांत. योजना उत्तम आहे, ती बंद पडू नये म्हणून भांडावे; परंतु आरंभ उशिरा होतो, आणि पंधराव्या-सोळाव्या वर्षी कृश देहाने संसारात पडलेल्या मुलीच्या बाबतीत तर तो फारच उशिरा होतो. मला विचारशील तर न्हाण आलेल्या प्रत्येक मुलीसाठी अंगणवाडीत ताट मांडावे, मग ती शाळेत जावो वा न जावो.

आणि ते ताट तेथेच वाढले पाहिजे, घरी देऊ नये. पाकिटातला कोरडा शिधा घरी गेला की तो सगळ्या घराचा होतो. मी पाहिलेले सांगते: एका अंगणवाडीत आठवा महिना लागलेली मुलगी अंडे सोलून समोर ठेवून बसली होती, अर्धे तिने खाल्ले आणि उरलेले पदराच्या टोकात बांधून गाठ मारली, थोरल्यासाठी. अंगणवाडीताईने रागावण्याऐवजी थोरल्यालाच बोलावून शेजारी बसवले, त्याला निराळे अंडे दिले आणि ती गाठ सोडवून घेतली. त्या ताईला तुमच्या दप्तरात कोणता शेरा मिळाला असेल? घरच्या ताटाचे म्हणशील तर, कोदो-कुटकी घरी शिजत होती, तोवर निदान दाणा घरात राहत असे. आता शेतात सोयाबीन आहे आणि ते थेट बाजारात जाते, हा विषय काढला तर पत्र संपणारच नाही.

तेव्हा तो शेरा खोडून टाक, बुडीत मजुरी रोख घेऊन त्या कोरकू बाईच्या घरी जा, तिच्या दुसऱ्या मुलालाही केंद्रात राहू देण्याची तजवीज कर, आणि मगच तिला परत बोलाव. तीच अंगावर पाजते आहे, तर तिचेही वजन घे, पापणी उलटून पाहा.

तू रात्री नुसत्या चहावर राहतेस, हे तुझ्या आईने कळवले आहे. हे चालणार नाही. सेमाडोहच्या रस्त्याने अंधार पडल्यावर जीप आणू नकोस, पाऊस सुरू झाल्यावर तर नाहीच. मला खरी झोप येत नाही ती नाल्यांपलीकडच्या गावांच्या विचाराने. आठवा-नववा लागलेल्या बायकांची नावे, कोणाच्या वाटेत कोणता नाला आडवा येतो आणि पूर असला तर तिला कोठे आणून ठेवायचे, एवढा तपशील आषाढ लागण्यापूर्वी तयार कर आणि त्याची एक प्रत मला टपालाने धाड.

तुझी,
आत्या