रोह्याची रांग

नोव्हेंबर 2016. गणपतीचा हंगाम आटोपून पेणच्या आमच्या कारखान्यात पुढच्या वर्षाच्या मूर्तींचं काम सुरू झालं होतं. शनिवारी अकरा कारागिरांचा पगार करायचा होता आणि बाबांच्या कपाटात सगळ्या पाचशेच्याच नोटा. 8 तारखेच्या रात्री त्या रद्द झाल्या. बाबांचं खातं जिल्हा सहकारी बँकेत. 14 तारखेला अशा बँकांना जुन्या नोटा घ्यायला मनाई झाली. धाटावच्या एमआयडीसीत नोकरीला असताना रोह्यात उघडलेलं माझं खातं तेवढं उरलं. नोटा घेऊन दिवा–रोहा गाडीत बसलो.

रांग बँकेच्या पायऱ्या उतरून रस्त्यावर आली होती. भाताची झोडणी झालेली, मजूर पैशासाठी दारात बसलेले, आणि शेतकऱ्याच्या हातात चालणारी नोट नाही. दुपारी आतून निरोप आला, माणशी चारच हजार मिळतील. आठवड्याला 24 हजारांची मुभा कागदावरच राहिली. माझ्या पुढची बाई पंतप्रधानांचं नाव घेऊन तळतळाट करू लागली. तशी दोन तरुण तिच्यावर धावून आले. सीमेवर जवान उभे आहेत, तुला चार तास उभं राहवत नाही? अशा वेळी नेत्याला बोल लावणं म्हणजे देशद्रोह, असं त्यांचं म्हणणं. बाई गप्प झाली. खरं तर 13 तारखेला गोव्यात 50 दिवसांची मुदत मागताना, चूक निघाली तर चौकात शिक्षा द्या, असं पंतप्रधान स्वतःच म्हणाले होते.

मागून एक निवृत्त गुरुजी पुढे आले. "पोरांनो, आपल्या रोह्याचे चिंतामणराव देशमुख ठाऊक आहेत ना? मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवायचा निर्णय मंत्रिमंडळाला न विचारता घेतला म्हणून 1956 साली त्यांनी अर्थमंत्रिपद सोडलं. लोकसभेत उभं राहून नेहरूंना जाब विचारला. ते काय देशाचे वैरी होते?"

तरुण मागे सरले. रांग हलली.

मला दोन हजारांच्या दोन नोटा मिळाल्या. पेणला त्यांचे सुटे कुणाकडे नव्हते. शनिवारी पगार झाला नाही. सात कारागीर गावी निघून गेले, त्यातले दोघे पुन्हा आलेच नाहीत. रद्द नोटांपैकी 99.3 टक्के परत आल्याचं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2018 मध्ये जाहीर केलं, तेव्हा मला ती बाई आठवली. त्या दिवशी गुरुजींच्या आधी मी बोलायला हवं होतं. मी तिच्या पाठीमागेच उभा होतो.