कोकसरचा राजमा

१९९७ च्या जूनमध्ये मनालीहून लेहला निघालो, तेव्हा सुमोच्या ड्रायव्हरनं आम्हा पाच मित्रांना पहाटे तीनला उठवलं होतं. रोहतांगला गर्दी व्हायच्या आत पलीकडे उतरायचं, असं त्यानं आदल्या रात्री दोनदा बजावलं होतं. तरी आम्ही अडकलोच.

पुण्याहून झेलम एक्स्प्रेसनं अंबाला आणि तिथून रात्रभर बस. सामानात भडंग, विरळ हवेत हुंगायला कापराच्या वड्या आणि छत्तीस फोटोंचे दोन रोल. वाटेतल्या दुकानात भाड्यानं घेतलेले गमबूट कुणाच्याच मापाचे नव्हते. मढीच्या पुढे एक ट्रक चिखलात रुतला आणि मागची सगळी रांग थांबली. दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती, मध्ये काळा राडा. चार तास आम्ही भेंड्या खेळलो. ‘ठ’वर हरलेला मित्र भांडून गाडीतून उतरला आणि थंडीनं दोन मिनिटांत परत आला. खिंडीच्या माथ्यावर, १३,०५० फुटांवर, किती फोटो काढायचे यावरून पुन्हा वाद. शेवटी काढले तीनच.

दुपार कलताना पलीकडे कोकसरला उतरलो. पत्र्याच्या ढाब्यात वाफाळता राजमा-चावल पुढे आला. असा राजमा पुन्हा कधी खाल्ला नाही, हे पुढे पंचवीस वर्षं आमच्या बायका-मुलांना ऐकावं लागलं.

२०२३ च्या जूनमध्ये पुन्हा गेलो. या वेळी चौघंच. पाचवा न्यू जर्सीहून व्हिडिओ कॉलवर. विमानानं चंदीगड, तिथून इनोव्हा. मनालीहून निघालो ते आरामात, नऊ वाजता. ३ ऑक्टोबर २०२० ला खुला झालेला अटल बोगदा ९.०२ किलोमीटरचा आहे. त्यानं मनाली-लेह अंतर ४६ किलोमीटरनी कमी केलं. अलीकडे देवदारांची हिरवाई, पलीकडे उघडे डोंगर, त्यांच्या माथ्यावर बर्फ आणि खाली चंद्रा नदी. मध्ये जेमतेम दहा मिनिटं. तेवढ्यात एकानं मेल पाहिली, दुसऱ्यानं डुलकी काढली. रोहतांग डोक्यावरून गेला. बोगदा सिस्सूजवळ बाहेर पडतो, त्यामुळे कोकसर आता वाटेतच लागत नाही.

रात्री केलाँगला होमस्टेच्या मालकीणबाईंपुढे आम्ही हळहळलो: जुन्या रस्त्याची मजा गेली. त्या ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, तेव्हा खिंड वर्षातले पाच-सहा महिने बंद असायची. कुणी आजारी पडलं तर हेलिकॉप्टरची वाट पाहायची, तेही आभाळ निवळलं तरच यायचं. पहिल्या बाळंतपणाला त्यांना बर्फ पडण्याआधीच कुल्लूला नेऊन ठेवलं होतं. रोहतांग या नावाचा अर्थ प्रेतांचा ढीग असा सांगतात, हेही त्यांच्याकडूनच कळलं. आमचे चार तास आम्ही पंचवीस वर्षं मिरवले. त्यांचे महिने मोजायचं आम्हाला कधी सुचलं नव्हतं.

पुढचा रस्ता बराचसा ओळखीचा निघाला. बारालाचाला दम लागला, गाटा लूप्सची एकवीस वळणं तशीच पोटात कालवाकालव करून गेली. फरक एवढाच, की त्या वेळी मळमळलं की गाडी थांबवायचो; आता प्रत्येकाच्या खिशात गोळ्या होत्या. फोटो किती काढले, कुणीच मोजले नाहीत.

परतताना केलाँगला आलूपराठे खाल्ले आणि बोगद्यात न शिरता हट्टानं गाडी कोकसरकडे वळवली. ढाबा तोच होता का, सांगता येणार नाही. राजमा मागवला. पहिल्या घासानंतर चौघंही एकमेकांकडे पाहत राहिलो. बरा होता.

राजमा बहुधा तसाच असावा. आम्ही मात्र या वेळी भरल्या पोटी आलो होतो.