चिंधी कुणाची, कात्री कुणाची?

आपल्या तरुणांपुढे फाटक्या, जुन्या कपड्यांचा विषय काढला की चेहरे उतरतात. आमच्या नाशिकच्या वस्तीत, विहारामागच्या खोलीत काही बायांनी फाटक्या कपड्यांच्या पिशव्या आणि गोधड्या शिवायला घेतल्या, तेव्हा एका कार्यकर्त्याने मला सरळ विचारले, "दादा, बाबासाहेबांनी आपल्याला सूट-बूट दाखवला आणि तुम्ही आयाबहिणींना परत चिंध्या घेऊन बसवता?"

प्रश्न रास्त आहे. त्याला बगल देऊन चालणार नाही.

ही लाज आली कुठून? मनुस्मृतीचा दहावा अध्याय काढून बघा. चांडाळाने प्रेतावरची वस्त्रे वापरावीत, असे तिथे लिहिले आहे. शूद्र सेवकाला उष्टे अन्न आणि जुनी झालेली वस्त्रे द्यावीत, हेही त्याच अध्यायात आहे. आपल्याकडे गावगाड्यात प्रेतावरचे कापड महाराच्या 'हक्कात' धरले जाई. हक्क कसला, तो हुकूम होता! आणि हुकूम मोडून चांगले नेसले तर शिक्षा. 1928 साली इंदूरकडच्या गावांत सवर्णांनी बलाई समाजावर अटी घातल्या. जरीकाठी पागोटे बांधायचे नाही, रंगीत काठाचे धोतर नेसायचे नाही. बाबासाहेबांनी 1936 च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये हे नोंदवून ठेवले आहे. कपड्यावरून जात ओळखू आली पाहिजे, हा त्या व्यवस्थेचा आग्रह होता. म्हणूनच बाबासाहेबांचा सूट ही हौस नव्हती. तो त्या कायद्याला दिलेला जवाब होता.

हे सगळे इतिहासजमा झाले, असे कुणी म्हणेल. त्याने रामकुंडावर जाऊन उभे राहावे. अस्थिविसर्जन, दशक्रिया उरकली की कपडे तिथेच सोडले जातात. त्र्यंबकेश्वरला नारायण-नागबळी झाल्यावर अंगावरची वस्त्रे मागे टाकून घरी जायचे असते. 'दोष' लागलेला तो ओला ढीग मग कोण उचलते? सफाई कामगार. ते कोणत्या समाजाचे, हे मी सांगायला नको. 2 मार्च 1930 ला ज्या काळाराम मंदिराचे दरवाजे आपल्या माणसांवर बंद झाले, ते तिथून हाकेच्या अंतरावर आहे.

दानाचेही तेच. एकदा एका मोठ्या सोसायटीतून आमच्या वस्तीत कपड्यांची गाठोडी आली. सोडताना चांगली बटणे कापून घेतलेले शर्ट, खाली डाग पडलेल्या चादरी, तळ गेलेले मोजे. वर देणाऱ्यांना फोटो हवा होता. आमच्या एका मावशीने गाठोडे पुन्हा बांधले आणि म्हणाली, "कचरा टाकायला घंटागाडी येते, बाबा. आम्ही नाही." त्या सोसायटीतल्या कुणी मनुस्मृती वाचली असेल असे वाटत नाही. वाचायची गरजच पडत नाही, इतकी ती हाडीमाशी भिनली आहे.

मग त्याच चिंध्या आम्ही हातात का घेतल्या?

कारण चिंधीचा दुसराही इतिहास आहे आणि तो आपला आहे. बुद्धाच्या काळी भिक्खू पांसुकूल चीवर वापरत. उकिरड्यावर, स्मशानात टाकलेले कापड वेचायचे, धुवायचे, रंगवायचे, तुकडे जोडून शिवायचे. मगधातली बांध घातलेली शेते जशी दिसतात, तशी चीवराची आखणी आनंदाने केली. राजघराण्यातला भिक्खू असो की उपाली न्हावी, चीवर एकच. चुल्लवग्गात राजा उदेन आनंदाला विचारतो, एवढ्या नव्या वस्त्रांचे करणार काय? आनंद सांगतो, ज्यांची चीवरे जीर्ण झाली त्यांना देऊ. जुन्याची पांघरुणे, त्यांची गादीची खोळ, मग जमिनीवरचे अंथरूण, पायपुसणे, फडके. शेवटी ते कुटून, मातीत कालवून जमीन सारवू. आज 'अपसायकलिंग' म्हणून जे विकले जाते, त्याचा हिशेब संघाने अडीच हजार वर्षांपूर्वीच मांडला होता.

मनूने लादलेली चिंधी आणि संघाने निवडलेली चिंधी यांत कापडाचा फरक नाही. फरक आहे तो ठरवणाऱ्याचा. डिसेंबर 1927 मध्ये महाडला मनुस्मृती जाळल्यानंतर बाबासाहेबांनी स्त्रियांना सांगितले ते हेच. कपड्याला ठिगळे असली तरी हरकत नाही, पण तो स्वच्छ असला पाहिजे आणि नेसण्यातून अस्पृश्यतेची खूण दिसता कामा नये. ठिगळाची लाज त्यांनी काढून टाकली, खूण मात्र पुसायला लावली.

आता कामाचे सांगतो. आम्ही दान घेत नाही. भांड्यांवर जुने कपडे घेणाऱ्या बोहारणींकडे जे विकण्याजोगे राहत नाही, ते किलोवर विकत घेतो. त्याही कष्टकरी बायाच आहेत, त्यांना पैसे मिळतात. घरी आणल्यावर गरम पाण्यात सोडा घालून धुणे. मग निवड. शर्टाची कॉलर आणि कोपर आधी जातात, पाठ शाबूत असते. जीन्स गुडघ्यात फाटते, पोटरीचे कापड दणकट राहते. साडी मधे विरते, पदर टिकतो. सूत ओळखायचे असेल तर एक धागा जाळायचा. सुती असेल तर कागद जळाल्याचा वास येतो आणि राख पडते. पॉलिस्टर वितळून त्याची कडक गोळी होते. सुती साड्या गोधडीच्या थरांत जातात, जीन्सच्या पिशव्या होतात. उरलेले सुती तुकडे सातपूर-अंबडच्या वर्कशॉपमध्ये मशीन पुसायला लागतात.

पण कला शिकून भागत नाही. शहरातल्या दुकानात हाताने शिवलेली गोधडी हजारोंनी विकली जाते आणि धावदोरा घालणाऱ्या बाईच्या हातावर नगावर ठरलेली चिल्लर पडते. तिथे तिचे नाव नसते, 'परंपरा' असा शब्द असतो. म्हणून आमच्याकडे वही आहे. कुणी किती तास शिवले ते आधी लिहायचे, त्या तासांची मजुरी धरायची, मगच किंमत ठरवायची. आणि ती बायांनीच ठरवायची. घासाघीस करणाऱ्याला वही दाखवतात.

त्या कार्यकर्त्याला मी एवढेच म्हणालो, या गोधडीच्या पैशातून पोरांचे शाळेचे नवे कोरे गणवेश येतात. उतरलेला कपडा आपल्या लेकरांच्या अंगावर चढणार नाही, तो आपल्या कात्रीखाली येईल. मित्रांनो, आपापल्या वस्तीत असे गट उभे करा. पण पहिल्या दिवशी मशीनच्याही आधी वही आणा.

जयभीम!