हाँगकाँगचा कडू घोट

हाँगकाँगच्या सेंट्रल भागात डोंगर चढणारी सरकत्या जिन्यांची आठशे मीटरची वाट आहे. सकाळी दहापर्यंत हे जिने खाली येतात, नोकरदारांना कचेऱ्यांकडे पोचवतात. मग मध्यरात्रीपर्यंत वर जातात. ही वाट जिथून जाते त्या कॉक्रेन स्ट्रीटवर एक काढ्याचं दुकान आहे. दर्शनी भागात भलीमोठी पितळी पात्रं, पुढ्यात वाडग्यांची ओळ, प्रत्येक वाडग्यावर धूळ बसू नये म्हणून काचेची चकती. सुटाबुटातला एक तरुण थांबला, नाणी ठेवली, वाडगा तोंडाला लावून एका दमात रिकामा केला आणि चालू लागला. त्याच्या मागे शाळकरी मुलगी, तिच्या मागे भाजीची पिशवी घेतलेल्या आजी. काचेच्या गगनचुंबी बँकांच्या सावलीत, भर रहदारीत, माणसं उभ्या उभ्या औषध पीत होती. मी बघतच राहिले.

त्या काळ्याभोर काढ्याला ‘या सेई मेई’ म्हणतात, म्हणजे चोवीस चवींचा. प्रत्यक्षात घटक दुकानागणिक कमी-जास्त असतात, आणि चव एकच: कडूजहर. जागरण झालं, तळलेलं जास्त खाल्लं, घसा धरला, तोंड आलं, चेहऱ्यावर पुटकुळ्या उठल्या की तो घ्यायचा. अंगात उष्णता झाली, असं माझी तिथली मैत्रीण अगदी सहज म्हणाली. आपल्या घरी हेच वाक्य ऐकू आलं की सब्जा भिजत पडतो. तिथे माणूस कोपऱ्यावरच्या दुकानात जातो.

कडू सोसत नसेल त्याच्यासाठी पाच फुलांचा गोडसर काढा. त्यातल्या चार फुलांची नावं ऐकूनच मी चकित झाले. शेवंती, हनीसकल आणि चक्क आपला चाफा नि काटेसावर! मार्चमध्ये हाँगकाँगच्या रस्त्यांवर सावरीची लालभडक, जडशीळ फुलं पडतात तेव्हा म्हाताऱ्या बायका ती वेचून उन्हात वाळवतात. तिथला वसंत इतका दमट की भिंतींना घाम फुटतो. अंगात मुरलेला तो दमटपणा सावरीच्या फुलांनी निघतो, अशी त्यांची श्रद्धा. सह्याद्रीत फाल्गुनात याच फुलांचा सडा तुडवत मी कितीदा गेले असेन.

विमानातल्या आणि हॉटेलातल्या गारठ्यानं माझा घसा बसला, खोकला लागला, तेव्हा मैत्रीण मला शेउंग वान भागात घेऊन गेली. तिथली को शिंग स्ट्रीट म्हणजे जडीबुटीच्या घाऊक व्यापाराची गल्ली. दुकानांपुढे पोती, पोत्यांत मुळ्या, साली, शेंगा, लाल खजुरासारखी फळं. हवेला ज्येष्ठमधाचा वास. दुकानातच मागे एक वैद्य बसले होते. त्यांनी माझं मनगट छोट्या उशीवर ठेवलं, तीन बोटं टेकवली आणि बराच वेळ नाडी पाहिली; मग दुसऱ्या हाताची. जीभ बघितली. प्रश्न मात्र खोकल्याविषयी फारसे नव्हतेच. पाणी गार प्यावंसं वाटतं की गरम? घाम येतो का? झोप कशी लागते? शौचाला कसं होतं? रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का? घशासाठी कुणी माझी इतकी विचारपूस कधी केली नव्हती.

चिठ्ठी पुढे गल्ल्यावर गेली. तिथल्या भिंतभर कपाटाला ‘शंभर पोरांचं कपाट’ म्हणतात. लहान लहान खण, एकेका खणात पुन्हा कप्पे. पुड्या बांधणारे काका चिठ्ठीवर नजर टाकत आणि हात आपोआप नेमक्या खणाकडे जाई. त्यांच्या हातातल्या काट्याला दांडीच्या एका टोकाला लटकतं पितळी ताटलं, दांडीवर मागेपुढे सरकणारं वजन. ज्येष्ठमध, संत्र्याची जुनी साल, लोकाटची पानं असं एकेक जोखून त्यांनी कागदांवर वाटलं. प्रत्येक कागदावर वाटा सारखा पडला की नाही, हे ते वाकून पाहत होते. शेवटी पुड्यांबरोबर एक गोड सुकवलेलं आलुबुखार दिलं, कडूवर उतारा म्हणून. तीन वाट्या पाणी आटवून एक करायचं, तेही मातीच्या भांड्यात. ज्यांना वेळ नाही त्यांना दुकान काढा उकळून पाकिटात भरून देतं.

याच परिसरात तुंग वा रुग्णालय आहे. १८७२ मध्ये ते गरीब चिन्यांना चिनी औषधं देण्यासाठी उघडलं. १८९४ ला प्लेग आला, गोरे सोल्जर घराघरांत शिरून झडत्या घेऊ लागले, रोग्यांना बंदरातल्या इस्पितळी जहाजावर हलवू लागले, तेव्हा लोक बिथरले. दोन वर्षांनी तोच प्लेग मुंबईत पोचला, त्यानंतर पुण्यात. तिथे अशाच झडत्यांवरून १८९७ मध्ये काय घडलं ते आपल्याला ठाऊक आहे. औषध कुणाच्या हातून घ्यायचं हा विश्वासाचाच मामला असतो, हे तुंग वाच्या चढणीवर उभं राहिल्यावर मला फार जाणवलं. आज हाँगकाँगमध्ये वैद्यांची कायद्यानं नोंदणी होते, आणि लोक सर्दीला वैद्यांकडे, छातीत कळ आली तर थेट इस्पितळात जातात. हे शहाणपण मला फार आवडलं.

कारण या खणांत धोकाही आहे. बचनागाच्या जातीची मुळं नीट शुद्ध करून, पुरेशी उकळली नाहीत तर जीव घेतात. काही वनस्पतींतलं ॲरिस्टोलोचिक आम्ल मूत्रपिंडं निकामी करतं. १९९० च्या दशकात बेल्जियममध्ये वजन उतरवण्याच्या औषधात अशी वनस्पती चुकून गेली आणि अनेक बायकांना त्याची किंमत मोजावी लागली.

आणि मला, कोकणातल्या बाईला, आणखी एक गोष्ट विचारल्याशिवाय निघवेना: खवले मांजराची खवलं. बाळंतिणीला दूध यावं म्हणून ती चिनी औषधांत वापरत आले, आणि त्यापायी आपल्या रानांतलं हे मुकं जनावर चोरून मारलं जातं. २०२० मध्ये चीननं खवलं आपल्या अधिकृत औषधकोशातल्या द्रव्यांच्या यादीतून काढून टाकली. काकांनी मैत्रिणीकरवी माझा प्रश्न ऐकला, एक खण ओढला आणि बारीक, काळ्या, गोल बिया माझ्या तळहातावर ओतल्या. ‘वाँग बत लाऊ हंग’, ते म्हणाले. दुधासाठी आम्ही हेच देतो, स्वस्तही पडतं. खवलांची चोरटी बाजारपेठ अजून संपलेली नाही. पण त्या बियांचं नाव मी वहीत लिहून घेतलं आहे आणि चिपळूणकडे खवले मांजर वाचवायला धडपडणाऱ्या मंडळींना ते कळवणार आहे.