कुडकुडण्याचा हक्क

कुडकुडणाऱ्या माणसाला आपण हसतो. मीही हसत असे. पौषातल्या पहाटे आसनगावच्या स्टेशनावर कसाऱ्याहून येणाऱ्या लोकलची वाट पाहत उभे राहिले, म्हणजे माहुलीकडचा वारा भल्याभल्यांचे दात वाजवतो. पण कुडकुडणे हा दुबळेपणा नव्हे. देह त्या वेळी आतली शेगडी पेटवीत असतो आणि कातडीकडे जाणारे रक्त आवरून घरातली ऊब घरात ठेवीत असतो. हे मला साठी उलटल्यावर कळले, तेही हर्नियाच्या ऑपरेशनच्या टेबलावर.

पाठीत सुई टोचून कमरेखालचा भाग बधिर केला होता. थोड्या वेळाने माझे खांदे थडथडू लागले. पाय मात्र परक्याचे असावेत तसे स्वस्थ!

"डॉक्टरीणबाई, खोली इतकी गार कशाला हो?" मी विचारले.

"काका, हा गारठा खोलीचा थोडा आणि भुलीचा जास्त," भूल देणाऱ्या बाई म्हणाल्या.

भुलीने रक्तवाहिन्या सैल पडतात आणि छातीपोटातली ऊब हातापायांकडे निघून जाते. पूर्ण भूल दिली, तर पहिल्या तासाभरातच तापमान एक-दीड अंश सेल्सिअस उतरू शकते. त्यात सलाइन गरम केलेले नसेल, तर दर लिटरला आणखी सुमारे पाव अंश जातो.

एवढ्याशा अंशाने काय बिघडते? १९९६ साली ऑस्ट्रियातल्या डॉक्टरांनी मोठ्या आतड्याच्या ऑपरेशनचे २०० रोगी पाहिले. ऊब राखलेल्या १०४ जणांत सहाजणांची जखम चिघळली. गार पडलेल्या ९६ जणांत अठराजणांची! गारठ्याने रक्त लवकर गोठत नाही, भूलही लवकर उतरत नाही. म्हणून ३६ अंशांखाली जाऊ द्यायचे नाही, हा आता नियम झाला आहे. भुलीच्या आधीपासूनच ऊब दिली, तर अधिक चांगले.

बाईंनी माझ्या छातीवर कागदासारखे हलके पांघरूण घातले आणि नळीने त्यात गरम हवा सोडली. आमच्या सौभाग्यवतींनी आणलेली गरम पाण्याची पिशवी मात्र त्यांनी दारातूनच परत केली होती. बधिर पायाला चटका बसला तरी कळत नाही!

माझ्यानंतर डोळखांबकडच्या एका लहानग्याचा नंबर होता. आजीने त्याला गोधडीत गुंडाळून आणले होते. "आत नेल्यावर काढून घेतील का हो?" ती मला विचारत होती. गोधडी दारापर्यंतच जाते. पण वजनाच्या मानाने पोरांची कातडी जास्त, त्यामुळे ती मोठ्यांहून लवकर गार पडतात, हे आतल्या बाईंना आजीइतकेच ठाऊक होते. पोर यायच्या आधीच त्यांनी टेबलावरचे पांघरूण गरम करायला लावले.

मी निदान तक्रार करू शकलो. पूर्ण भूल दिलेल्या माणसाला तेही जमत नाही. त्याचे कुडकुडणेच काढून घेतलेले असते. तोवर त्याच्या वाटची थंडी दुसऱ्या कुणाला तरी वाजली पाहिजे.