मांघरचा मध आणि आमचा हिशेब

महाबळेश्वरला गेलेला माणूस स्ट्रॉबेरी, चणे आणि चपला घेऊन परत येतो. मधाची बाटलीही घेतो, पण ती कुठून आली हे विचारीत नाही. आमच्या वस्तीतील महिला मंडळाने यंदा ठरविले की, मध जिथे निघतो तिथूनच आणावयाचा आणि वस्तीला परवडेल अशा भावाने विकावयाचा. अन्न विकायची नोंदणी मंडळाने पापड-मसाल्यासाठी आधीच केलेली होती. हिशेबाचे काम आमच्याकडे आले; कारकुनाच्या गळ्यात दुसरे काय पडणार! मे महिन्यात मंडळाच्या दोन ताईंसह आम्ही स्वारगेटहून एस.टी.ने निघालो.

वाई मागे पडली की पसरणीचा घाट लागतो. पाचगणीपर्यंत गाडीत पर्यटकांचीच गर्दी. महाबळेश्वरपासून जवळच मांघर हे डोंगरातले छोटे गाव आहे. महाराष्ट्र राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाने २०२२ साली ते देशातील पहिले ‘मधाचे गाव’ म्हणून पुढे आणले. नंतर कोल्हापूर जिल्ह्यातील भुदरगड तालुक्याचे पाटगावही त्याच वाटेने गेले. मांघरमध्ये बहुसंख्य घरांचा मधाशी काही ना काही संबंध आहे. घराच्या कुडाला लागून, झाडाखाली, बांधावर लाकडी पेट्या दिसतात. आसपास जंगल असल्यामुळे माशीला फुलोरा मिळतो, आणि पेटीला जमीन लागत नाही. ज्याच्या नावावर गुंठाभरही शेत नाही त्यालाही हा धंदा करता येतो, ही गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटली.

ज्यांच्याकडे आम्ही उतरलो त्या वयस्कर आबांनी आमच्यासमोर पेटी उघडली. हातात मोजे नाहीत, तोंडावर जाळी नाही. थोडासा धूर दिला आणि चौकट अलगद वर काढली. आम्ही दोन पावले मागे सरलो तसे ते म्हणाले, “साहेब, ती उगा चावत न्हाई. तिला कामाची घाई हाय.” ही सातेरी माशी, आपल्या सह्याद्रीची. कड्यावर आणि उंच झाडावर मोठमोठी पोळी बांधणारी आग्या माशी वेगळी. ती पेटीत राहत नाही. तिसरी मेलिफेरा ही परदेशातून आणलेली. ती मध पुष्कळ देते, पण तिच्या पेट्या फुलोऱ्यामागे गावोगाव फिरवाव्या लागतात. सातेरीची पेटी मात्र वर्षाला काही किलोच मध देते. एका कामकरी माशीच्या उभ्या जन्माच्या कष्टाने चहाचा एक चमचाही भरत नाही.

आबांनी सगळ्या चौकटी काढल्या नाहीत. ज्या घरांवर माशीने मेणाचे झाकण घातले होते तेवढ्याच मधयंत्रात फिरविल्या. बाकीचा मध अजून कच्चा. त्यात पाणी जास्त असते आणि तो आंबतो. पोळे मोडत नाही, पिलावळ मरत नाही, रिकामी चौकट परत पेटीत जाते. पावसाळ्यासाठी माशीचा वाटाही ठेवावा लागतो. या दिवसांतला मध जांभळाचा आणि हिरड्याचा, रंगाने गडद, चवीला किंचित तुरट. कारवी सात-आठ वर्षांतून एकदाच फुलते, तेव्हाचा मध निराळाच. त्यात साखरेचे प्रमाण निसर्गतःच वेगळे असते, म्हणून अन्नाच्या कायद्यातही कारवीच्या मधाला वेगळी सवलत दिलेली आहे.

शुद्धतेची गोष्ट निघाली की लोक काडी पेटवून पाहतात, पाण्यात थेंब सोडतात. या घरगुती कसोट्यांवर विसंबू नये. डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने १३ ब्रँडचे मध तपासून घेतले, तेव्हा १० ब्रँड परदेशातील प्रगत चाचणीत नापास झाले. साखरेचा पाक असा बनविला जातो की साध्या चाचणीत तो पकडला जात नाही. तेव्हा काडीने काय कळणार? मध गोठला म्हणजे भेसळ, हाही गैरसमज आहे. खरा मधही थंडीत दाणेदार होतो. कोमट पाण्यात बाटली ठेवली की पातळ होतो.

विनयात भिक्खूंना आजारपणात घ्यावयाला सांगितलेल्या पाच औषधांत तूप, लोणी, तेल, काकवी यांच्याबरोबर मधही आहे. पण आपल्याकडे नव्या बाळाला मध चाटविण्याची चाल आहे, ती मोडलीच पाहिजे. वर्षाच्या आतील मुलाला मधातील जंतूंमुळे जिवावरचा आजार होऊ शकतो. मध कितीही शुद्ध असो, हा धोका राहतोच. ताईंनी विक्रीच्या वेळी प्रत्येक बाटलीबरोबर हे तोंडाने सांगितले. एका आजीबाईंना ते मुळीच पटले नाही. त्यांना बाटली सुनेच्या हाती दिली.

आता हिशेब. ४० किलो मध, किलोला ५०० रुपयांप्रमाणे २०,००० रुपये. पाव किलोच्या १६० बाटल्या, चिठ्ठ्यांसह १,६०० रुपये. प्रवास व हमाली १,२००. एकूण २२,८००, म्हणजे बाटलीमागे साडेबेचाळीस कमी दोनशे नव्हे, तर एकशे साडेबेचाळीस रुपये. (कारकुनालाही कधी थट्टा करू द्यावी.) विकली दीडशेला. आबांशी भावाची घासाघीस आम्ही केली नाही. आपण मजुरीसाठी मोर्चे काढायचे आणि दुसऱ्याच्या मजुरीत चार पैसे मोडायचे, हे जुळत नाही.

वस्तीत कुणी म्हणाले, शंभराला द्या. कुणी पगार झाल्यावर देतो म्हणून नेली. ती उधारी तीन घरे सोडून सगळी वसूल झाली. सगळी आली की शिल्लक १,२०० रुपये राहतील. सभेत हा आकडा वाचून दाखविला तेव्हा टाळ्या पडल्या. तेवढ्यात एक ताई उठल्या आणि म्हणाल्या, “आम्ही दोघींनी दोन दिवस बाटल्या धुतल्या, भरल्या. ते कुठं लिहिलंय?” वहीत ते कुठेच नव्हते. बराच वेळ चर्चा झाली. शेवटी पुढच्या खेपेला बाटली १६० रुपयांना विकावी आणि वरचे १,६०० रुपये भरणाऱ्यांची मजुरी म्हणून वेगळ्या खात्यात लिहावे, असे ठरले. दोघांनी भाववाढीला विरोध नोंदविला आहे.